घरबसल्या अजिंठा

यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेंत एक लहानसाच, पण विचार करण्यासारखा प्रश्न उपस्थित झाला. वरच्या इयत्तांतील मुलामुलींची सहल अजिंठ्यास न्यावी असें घाटत होतें. त्यावर कांहीं पालकांनीं विचारलें कीं, एवढा खर्च आणि एवढी दगदग कशासाठीं? नागपुराहून जळगांवापर्यंत आगगाडींत बसावयाचें, तेथून पुढें मोटारीनें साठ किलोमीटर जावयाचें, उन्हांत पायऱ्या चढावयाच्या, आणि अखेर अंधाऱ्या लेण्यांत गर्दींत उभें राहून थोडा वेळ अर्धवट पुसलेलीं चित्रें पहावयाचीं! त्यापेक्षां डोळ्यांवर चढविण्याचे ते नवे चष्मे शाळेनें आणले, तर तींच लेणीं वर्गांत बसून, स्वच्छ उजेडांत आणि वाटेल तितका वेळ पाहतां येतील. दुसऱ्या कांहीं पालकांचें म्हणणें नेमकें उलट होतें. मोबाईलच्या पडद्यानें मुलांचें सारें चित्त आधींच व्यापून टाकलें असतां शाळेनें आणखी एक पडदा त्यांच्या नाकावर बसवूं नये, असें ते म्हणत.

दोन्ही पक्ष मुलांच्या हिताचेंच बोलत होते. म्हणूनच या प्रश्नाचा निकाल केवळ खर्चाच्या किंवा केवळ रागाच्या दृष्टीनें न लावतां त्याचा थोडा सविस्तर विचार या पानांवर करावा, असें आम्हांस वाटलें.

प्रथम ही नवी वस्तु काय आहे तें समजून घेऊं. हल्लीं जिला आभासी किंवा 'व्हर्च्युअल' जागा म्हणतात, ती दगडामातीची नसून प्रकाशाची असते. त्या चष्म्याच्या आंत प्रत्येक डोळ्यापुढें एकाच स्थळाचें चित्र असतें. पण उजव्या डोळ्यापुढील व डाव्या डोळ्यापुढील चित्रांत किंचित् फरक असतो. आपले दोन डोळे एकमेकांपासून दोन-अडीच इंचांवर असल्यामुळें खऱ्या वस्तूकडे पाहतांनाही त्यांस थोडीं निरनिराळीं दृश्यें दिसतात, आणि त्या दोहोंचा मेळ घालून कोणती वस्तु जवळ व कोणती दूर हें आपलें मन ठरवितें. चष्मा याच गोष्टीचा फायदा घेतो. शिवाय मान वळविली कीं दृश्यही त्याप्रमाणें वळतें. त्यामुळें आपण त्या जागींच उभे आहों असा भास होतो.

हें सारें अगदीं आजचें वाटतें. परंतु त्यांतील मूळ कल्पना चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालींच मांडली होती. आणि विशेष हें कीं, अजिंठ्याशीं तिचा संबंध दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच जुळला आहे. मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमलें. पुढें या गृहस्थानें छायाचित्रणाची कलाही हस्तगत केली. पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तूंचीं व निसर्गाचीं त्यानें घेतलेलीं शंभर जोडचित्रें, म्हणजे प्रत्येक दृश्याचीं दोन डोळ्यांसाठीं दोन छायाचित्रें, जेम्स फर्ग्युसन यांच्या माहितीसह १८६४ सालीं लंडनमध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. लंडनांतील एखादा गृहस्थ शेगडीजवळ खुर्चींत बसून, दुहेरी भिंगाचें यंत्र डोळ्यांस लावून आमच्या डोंगरांत हिंडत असेल, असें चित्र सहज डोळ्यांपुढें येतें. आपल्याकडे जत्रेंत पैसा देऊन पेटीच्या भोंकाला डोळा लावणारें मूलही निराळें काय करीत होतें? तेव्हां घरबसल्या अजिंठा पाहण्याची हौस आजच्या मुलांनीं काढलेली नाहीं. ती त्यांच्या खापरपणजोबांच्या काळची आहे.

याहूनही पुष्कळ मागें जातां येतें. महाकवि भवभूति आपलें कुल पद्मपूरचें असल्याचें सांगतो; आणि तें पद्मपूर म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवजवळचें गांव होय, असें नागपूरचे विख्यात पंडित महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें आहे. या विदर्भवासी कवीच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्याच अंकांत लक्ष्मण हा राम व सीता यांस चित्रें दाखवितो. त्यांच्याच वनवासाचा वृत्तांत चित्रकारानें त्यांत रंगविलेला असतो. तीं पाहतां पाहतां सीता इतकी तन्मय होते कीं, शूर्पणखेची आकृति पुढें येतांच ती भिऊन जाते, आणि हें केवळ चित्र आहे असें रामाला तिची समजूत घालून सांगावें लागतें. आभासी जागेचें याहून नेमकें वर्णन आजच्या कोणा यंत्रविशारदानेंही केलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

परंतु कवि तेथेंच थांबत नाहीं. चित्रें पाहून झाल्यावर सीतेस काय वाटतें? वन पाहून झालें, आतां तेथें जाण्याचें कारण उरलें नाहीं, असें तिला वाटत नाहीं. तीं अरण्यें पुन्हां एकवार हिंडावीं, भागीरथीच्या थंड पाण्यांत पुन्हां उतरावें, असे डोहाळे तिला लागतात. पुढें त्या डोहाळ्यांचा परिणाम काय झाला ती कथा निराळी व दुःखाची आहे. पण चित्राचें खरें कार्य कोणतें हें कवीनें येथें दाखवून ठेविलें आहे. चित्र पाहून जो मनानें उठतो आणि वाटेला लागतो, त्याचें पाहणें सार्थकीं लागलें. चित्र पाहून 'झालें एकदांचें' म्हणून जो पाठ फिरवितो, त्यानें तें चित्रही पाहिलें नाहीं. आमच्या मतें या साऱ्या प्रश्नाची कसोटी हीच आहे.

असें असलें तरी प्रतिमेला तुच्छ लेखणाऱ्यांच्या पंक्तींत आम्ही बसूं इच्छीत नाहीं. अजिंठ्याचा इतिहासच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर डोंगराच्या कड्यांत कोरलेलीं हीं सुमारें तीस लेणीं. त्यांतील सर्वांत जुनीं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचीं असून, चित्रांमुळें जगभर गाजलेलीं बहुतेक लेणीं पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटक नृपति हरिषेण याच्या काळीं झालीं. सोळाव्या लेण्यांत त्याच्या वराहदेव नांवाच्या मंत्र्याचा शिलालेख आहे. वाकाटक म्हणजे कोणी परके नव्हत. हरिषेण हा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथील शाखेचा. आणि आमच्या रामटेकजवळचें नगरधन, म्हणजेच जुनें नंदिवर्धन, ही दुसऱ्या शाखेची राजधानी होती. तेव्हां अजिंठा हें नागपूरच्या मुलांना दूरच्या नात्यांतलें नव्हे, तर आजोळचें घर आहे असें म्हटलें तरी चालेल.

१८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं आणि बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता कळली. तेव्हांपासून त्यांच्या प्रतिमा काढण्याचे प्रयत्न एकामागून एक झाले. गिलनें वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या; १८६६ सालच्या आगींत त्यांतील बहुतेक भस्मसात् झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत सुमारें तीनशें नकला तयार केल्या. त्याही विलायतेस गेल्या आणि त्यांतील पुष्कळ १८८५ सालच्या आगींत जळाल्या. तरीही माणसें थकलीं नाहींत. १९०९ ते १९११ या काळांतील दोन हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या विदुषीनें पुन्हां काम हातीं घेतलें. तिच्या मदतीस बंगालकडून नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे तरुण चित्रकार आले होते. येथें दोनदां नकला जळाल्या, पण मूळ टिकलें.

याच्या उलट उदाहरणही आहे. जपानांत होर्यूजी नांवाचें प्राचीन बौद्ध मंदिर आहे. तेथील भिंतींवरील चित्रांचें अजिंठ्याच्या चित्रांशीं असलेलें साम्य जाणत्यांनीं फार पूर्वींच ओळखलें आहे. २६ जानेवारी १९४९ रोजीं, त्या चित्रांच्या नकला करण्याचें काम चालू असतांनाच तेथें आग लागली आणि बाराशें वर्षांहून जुनीं तीं चित्रें करपून गेलीं. परंतु १९३५ सालीं त्यांचीं उत्तम छायाचित्रें घेऊन ठेवलेलीं होतीं. त्यांच्या आधारें पुढें चित्रकारांनीं नवीं चित्रें रंगविलीं व १९६८ सालीं तीं त्या जागीं बसलीं. तेथें मूळ जळालें, पण प्रतिमा टिकली. प्रतिमेची हेटाळणी करणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

आणखी एक कटु सत्य सांगितलें पाहिजे. अजिंठ्याच्या चित्रांवर प्रेम करणाऱ्यांनींही त्यांस इजा केली आहे. नकल करतांना रंग उजळ दिसावे म्हणून चित्रांवर वार्निश चढविण्यांत आलें. तें पुढें पिवळें पडलें आणि खालील रंग मलिन दिसूं लागले. आम्ही जे प्रेक्षक जातों, त्यांच्या नुसत्या श्वासानें व घामानेंही आंतील हवा दमट होते. फ्रान्समधील लास्को येथील गुहा, जींत हजारों वर्षांपूर्वींचीं प्राण्यांचीं चित्रें आहेत, प्रेक्षकांच्या याच उपद्रवामुळें १९६३ सालीं लोकांना बंद करावी लागली, आणि १९८३ सालीं तिच्याजवळ तिची हुबेहूब प्रतिकृति उघडण्यांत आली. तेव्हां एखाद्यानें म्हटलें कीं, अजिंठ्यावर ज्याचें खरें प्रेम असेल त्यानें अजिंठ्यास जाऊंच नये, तर त्याच्या बोलण्यास उत्तर देणें सोपें नाहीं. चष्मा भिंतीला हात लावीत नाहीं. त्यांतून हजार मुलांनीं पद्मपाणि पाहिला तरी त्याच्या रंगाचा कणही गळत नाहीं.

हें सर्व मान्य करूनही आम्ही असें म्हणतों कीं, सहल गेली पाहिजे. याचें कारण आम्हांस त्या नकलांच्या इतिहासांतच सांपडतें. एवढ्या नकला झाल्या, जळाल्या, पुन्हां झाल्या; त्यांपासून सर्वांत अधिक लाभ कोणाला झाला? दूरदेशीं त्या पाहणाऱ्यांना झाला हें खरें. पण त्याहून अधिक लाभ त्या करणाऱ्यांना झाला. त्या चित्रांपुढें दिवसचे दिवस बसून, हात कसा वळला आहे, पापणी कोठें झुकली आहे, हें ज्यांनीं रेघेरेघेनें शोधलें, त्यांचा हात जन्मभरासाठीं निराळा झाला. नंदलाल बोस पुढें शांतिनिकेतनांतील कलाभवनाचे प्रमुख झाले आणि त्यांनीं चित्रकारांची एक पिढी घडविली. अजिंठ्यानें त्यांना कांहीं दिलें असेल, तर तें केवळ दर्शनानें दिलेलें नाहीं. तें दर्शनासाठीं केलेल्या श्रमानें दिलेलें आहे.

चष्म्यांतलें दर्शन विनाश्रम आहे. हा त्याचा गुण आहे आणि हाच त्याचा दोषही आहे. पहिल्या लेण्यांत आपण बाहेरच्या रखरखीत उन्हांतून शिरतों, तेव्हां प्रथम कांहींच दिसत नाहीं. नुसता काळोख आणि दगडाचा गारवा. मग हळूहळू डोळे निवतात. आधीं खांब दिसूं लागतात, मग भिंत, मग भिंतीवर कांहीं आहे असा संशय, आणि मग गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला हातांत कमळ धरलेला, खालीं पाहणारा पद्मपाणि अंधारांतून वर येतो. चष्मा हा काळोख आपल्याला देत नाहीं. तो पहिल्या क्षणापासून सारें लखलखीत दाखवितो. भिंतीवरचा रंग बाहेरून आलेल्या उजेडांत उजळतो. पडद्यावरचा रंग स्वतःच दिव्यासारखा पेटलेला असतो. हीं दोन दर्शनें एक नव्हेत. शिवाय चष्म्यांत कोठें उभें रहावें व काय पहावें हें कोणीतरी दुसऱ्यानें आधींच ठरवून ठेविलेलें असतें. लेण्यांत मात्र जें पहावयाचें तें आपणच शोधावयाचें असतें, आणि जें हुकलें त्याची हळहळही आपलीच असते. ती हळहळ शिक्षणाचा भाग आहे.

मात्र न्यायाची गोष्ट ही कीं, चष्म्यांत किंवा पडद्यावर जें दिसतें त्यांतील कांहीं लेण्यांत दिसत नाहीं. उंच छतावरचें नक्षीचें फूल, एखाद्या दासीच्या कंठींतला मणि, जुन्या भेगा, यांचें बारीक निरीक्षण लेण्यांतील मंद उजेडांत दुरून होत नाहीं. पडद्यावर तें तासन् तास करतां येतें. २०११ सालीं गूगल कंपनीनें सतरा प्रसिद्ध संग्रहालयांतील चित्रें अशा रीतीनें घरोघर दाखविण्यास आरंभ केला, तेव्हां मूळ चित्रापुढें उभें राहूनही न दिसणारे कुंचल्याचे फटकारे लोकांस दिसूं लागले. म्हणून आमची वांटणी अशी आहे: बारकावे पडद्यावर पहावे, आणि समग्र रूप जागेवर जाऊन पहावें. जो विद्यार्थी बारकावे आधींच पाहून जाईल, तो लेण्यांत बडबड करणार नाहीं, भिंतीला बोट लावणार नाहीं, आणि थोड्या वेळांत पुष्कळ पाहून बाहेर येईल. पूर्वतयारी न करतां गेलेल्या शंभर जणांपेक्षां तयारीनें गेलेले वीस जण भिंतीला कमी जाचक आणि चित्राला अधिक प्रिय होतील.

येथवर पाहण्याचा विचार झाला; आतां करण्याचा करूं. आज कित्येक मुलें कागदाऐवजीं पडद्यावर चित्रें काढतात. 'टिल्ट ब्रश' नांवाचें एक साधन २०१६ सालीं निघालें. त्यांत चष्मा लावून हवेंतच रेघ ओढावयाची, ती अधांतरीं तशीच राहते, आणि तिच्याभोंवतीं फिरून ती मागल्या बाजूनेंही पाहतां येते! हें कोणत्याही भिंतीवर आजवर साधलेलें नव्हतें. अशा कलेंतून पुढें काय निघेल तें आजच सांगणें धाडसाचें होईल. तिचा उपहास करणें तर त्याहून धाडसाचें.

यावर पालकांचा मोठा आक्षेप असा कीं, पडद्यावर चुकलेली रेघ एका कळीनें नाहींशी होते, त्यामुळें मुलांचा हात कधींच पक्का होत नाहीं. हा आक्षेप ऐकून आम्हांस आमच्या पाटीची आठवण होते. आपले वाडवडील धूळपाटीवर अक्षरें गिरवीत, मग दगडी पाटी आली. तिच्यावर लिहिलेलें सारें पुसण्यासाठींच असे. त्यानें त्यांचें अक्षर बिघडलें काय? उलट कागद महाग होता आणि पाटी फुकट पुसतां येत होती, म्हणूनच गरिबाच्या मुलाला हात बसवितां आला. पडद्यावरची जागा ही आजची पाटी आहे, असें आम्ही समजतों. तींत भय नाहीं, रंगाचा खर्च नाहीं, कागदाची नासाडी नाहीं. पण पाटीची गोष्ट तेथेंच संपत नसे. एक दिवस गुरुजी कित्ता आणि शाई पुढें ठेवीत, आणि मग मात्र हात जपून चालवावा लागे. पाटी ही कागदाच्या आधीं होती, कागदाच्या ऐवजीं नव्हती. अजिंठ्याच्या चित्रकारानेंही माती, तूस व वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, गेरू, पिवळी माती, काजळ, आणि दूर अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येणारा निळा राजावर्त मणि हे रंग घोटले. इतका खटाटोप केल्यावर जी रेघ ओढावयाची, ती ओढण्यापूर्वीं मनांत किती वेळां ओढली असेल! ती मनांतली रेघ पाटीवर तयार होवो कीं पडद्यावर, आमची हरकत नाहीं. ती कधींतरी न पुसणाऱ्या जागेवर उतरली पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

एका गोष्टीला मात्र आम्ही पाटी म्हणण्यास तयार नाहीं. हल्लीं चार शब्द सांगतांच यंत्रच चित्र काढून देतें. तें पुष्कळदां सुबकही असतें. व्यापाऱ्यास किंवा जाहिरातदारास त्याचा उपयोग असेल. परंतु विद्यार्थ्यानें तें आपलें म्हणून शिक्षकांपुढें ठेवणें म्हणजे दुसऱ्याकडून निबंध लिहून आणण्यासारखेंच आहे. चित्रकलेच्या तासाला आम्हांस चित्र हवें असतें असा मुलांचा समज असतो. वस्तुतः आम्हांस चित्र काढलेलें मूल हवें असतें.

आणखी एका बाजूचा विचार केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. ज्याला जाणें शक्यच नाहीं त्यानें काय करावें? अजिंठ्यास डोलीवाले आहेत हें खरें, तरी पायानें अधू असलेल्या किंवा दीर्घ आजारानें खाटेला खिळलेल्या मुलाला तो प्रवास सहज झेपत नाहीं. ज्या घरीं सहलीची वर्गणी म्हणजे महिन्याचा किराणा असतो, त्या घरचें मूल वर्गणीचा कागद दप्तरांतच ठेवतें. घरीं दाखवीतही नाहीं. अशा मुलांना चष्मा हें खेळणें नव्हे, तर उघडलेलें दार आहे. शुभवर्तमानांतील थोमाला जखमांचे व्रण स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेववेना, आणि प्रभूनें त्याला ते पाहूं दिले. पण ज्यांना पाहावयास मिळालें नाहीं त्यांनाही त्यानें धन्य म्हटलें. दोन्ही प्रकारच्या मुलांना आमच्या शाळेंत जागा असली पाहिजे. मात्र दार श्रीमंतालाच उघडें राहतां कामा नये. २०२० सालच्या टाळेबंदींत शाळा पडद्यावर भरूं लागली, तेव्हां एका मोबाईलवर तीन भावंडांनीं पाळीपाळीनें शिकलेलें आम्हीं पाहिलें आहे. चष्मे यावयाचे असतील तर ते शाळेच्या मालकीचे असावे, आणि ज्याच्या घरीं कांहीं नाहीं त्याच्या हातीं ते प्रथम पडावे.

आतां जाऊन पाहण्याविषयीं आमच्या गांवचेंच एक उदाहरण सांगतों. नागपूरांत मिशनच्या शिक्षणाचा पाया घालणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे भूगर्भशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचें वर्णन त्यांना घरबसल्या मागवितां आलें असतें. पण ते स्वतः तेथें गेले. सप्टेंबर १८६३ मध्यें तेथून परततांना पूर आलेल्या नाल्यांत त्यांचा अंत झाला. त्याच १८६३ सालीं आमचें मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सर्वांचा लाडका अजबबंगला, स्थापन झालें. पुरांत घोडा घालावा असें आम्ही कोणासही सांगत नाहीं. पालकांनीं निश्चिंत असावें. परंतु वस्तु जेथें आहे तेथें जाऊन ती पहावी, ही या शहरांतील विद्येची जुनी रीत आहे, एवढें मात्र सांगावेंसें वाटतें.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें. शाळेनें चष्मे आणावे, पण सहलीच्या बदल्यांत आणूं नयेत. जाण्यापूर्वीं महिनाभर मुलांनीं लेणीं पडद्यावर पहावीं, जातककथा वाचाव्या, आणि काय शोधावयाचें तें वहींत टिपून घ्यावें. लेण्यांत मोबाईल खिशांत ठेवावा. तेथें फ्लॅशचा उजेड पाडण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. बाहेर आल्यावर झाडाखालीं बसून, जें आठवतें तें कागदावर पेन्सिलीनें काढावें. वेडेंवांकडें झालें तरी हरकत नाहीं. परत आल्यावर तीं चित्रें हातांत घेऊन पुन्हां पडदा पहावा, म्हणजे आपण काय पाहिलें आणि काय आपल्या दृष्टींतून निसटलें तें प्रत्येकाला कळेल. ज्यांना येतां आलें नाहीं त्यांच्याशेजारीं बसून, जाऊन आलेल्यांनीं चष्म्यांत न दिसणाऱ्या गोष्टी सांगाव्या. लेण्यांतला गारवा कसा होता, पाकोळ्यांचा वास कसा होता, नदीचा आवाज कोठपर्यंत येत होता. असें झालें तर न गेलेलाही थोडा जाऊन येईल.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, अजिंठा दूर वाटत असेल तर निदान अजबबंगला दूर नाहीं, रामटेक दूर नाहीं, नगरधन तर वाटेवरच आहे. एखाद्या रविवारीं मुलाचा हात धरून निघावें. त्याच्या मोबाईलवर रागावण्यांत जेवढा वेळ जातो तेवढ्यांत ही वारी होऊन येते.

आणि विद्यार्थिमित्रांनो, चष्मा डोळ्यांवरून उतरविल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारीत जा. आतां मला काय करावेंसें वाटतें? कांहींच वाटत नसेल, तर तो चष्मा कपाटांत ठेवून द्या. त्याचा तुम्हांस उपयोग नाहीं. पण पेन्सिल शोधावी असें वाटलें, गाडीचें वेळापत्रक पहावेंसें वाटलें, आई-बाबांना 'आपण कधीं जाऊं' असें विचारावेंसें वाटलें, तर भवभूतीच्या सीतेला चित्रांनीं जें दिलें तेंच तुम्हांसही मिळालें असें समजा, आणि निघण्याची तयारी करा.